तलाव फोडीन

अहेरी
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय करिष्मा,

घरी सगळ्यांना माझा नमस्कार. थंडीत मोठाईचे गुडघे धरतात, यंदा कसे आहेत? मोठ्या बाबांच्या हाताचं प्लास्टर निघालं, असं माझ्या बाबांकडून कळलं. बोटं वळतात का, म्हणून मी फोनवर विचारलं. बाबा म्हणाले, "तूच इचार ना तुया मोठ्या बापाले."

मी इथे बरी आहे. खोली बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. घरमालकीण म्हातारी आहे, अर्धं तेलुगू आणि अर्धं मराठी बोलते, आणि मी जेवले की नाही हे रोज विचारते. परवा बाजारात एक बाई ओल्या पोत्यावर पळसाची पानं टाकून झिंग्यांचे वाटे लावत होती, अगदी तू लावतेस तसे, एकसारखे. मी बराच वेळ उभी राहिले. तिनं विचारलं, "घेता का बाई?" मी नाही म्हटलं आणि पुढे गेले.

चार तारखेला तुझा मेसेज आला. नोव्हेंबरनंतरचा तो पहिलाच. "२७ तारखेले बाबाले ठान्यात बलावलं. तू येशीन का नाई एवढं सांग." त्याला आज चौदा दिवस झाले. मी तो रोज उघडते आणि रोज बंद करते. हो किंवा नाही एवढंच लिहायचं होतं. तेवढंही फोनवर लिहिता येईना, म्हणून कागद घेतला आहे.

तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही मी इथे लिहिणार आहे. कंटाळू नकोस. मला सगळं क्रमानं लिहायचं आहे. मधलं काही गाळलं तर मी पुन्हा तेच केल्यासारखं होईल.

नगराध्यक्षाचं पद या वेळी बाईसाठी राखीव झालं आणि मत थेट सगळ्या गावानं द्यायचं ठरलं. मोठाईनं कोणत्याही पक्षाला न विचारता फॉर्म भरला. सही तेवढी तिला येते, ती तिनं चार ठिकाणी केली. कपबशी हे चिन्ह मिळालं. ढिवर मोहल्ल्यातली बाई नगराध्यक्ष होईल असं आपल्या मोहल्ल्यालाही आधी वाटलं नव्हतं. पण खालच्या मोहल्ल्यातली, धानवाल्या शेतकऱ्यांची माणसंही "तारीबाईलेच देऊ" म्हणू लागली. त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मी चौथीत असताना तलावाची पार, म्हणजे बांध, फुटली होती आणि खालच्या मोहल्ल्यात पाणी शिरलं होतं. तेव्हा मोठाईनं डोंगा घालून माणसं काढली. तिथल्या वामनरावांच्या आईला तिनं पाठीवर घेतलं होतं.

हे मी पेपरात लिहिलं. पंधरा नोव्हेंबरला, चौथ्या पानावर. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर समोरच्या उमेदवाराची माणसं बसली होती. मी जाताना त्यातला एक मोठ्यानं म्हणाला की आता पेपर कशाला विकत घ्यायचा, ढिवरांच्या घरची पत्रिकाच आहे ती, लग्नाला बोलावलं की फुकट येईल. सगळे हसले. ऑफिसात गेले तर धनराजभाऊंच्या कानावर ते आधीच गेलं होतं. संपादक म्हणून ते मला कधी वाकडं बोलले नव्हते. त्या दिवशीही आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "तुझ्या घरचा उमेदवार आहे, दिव्यानी. तुझी बातमी आता मी दोनदा वाचत जाईन."

तू म्हणशील, एवढ्यानं काय होतं? मला झालं. आपल्या घरात शाळा पुरी केलेली मी पहिली. तू सातवीत सुटलीस, बाजारात मोठाईसोबत बसायला कोणीतरी हवं होतं म्हणून. माझे आई-बाबा दर वर्षी मिरची तोडायला तेलंगणात जायचे, तेव्हा मला सोबत नेऊ दिलं नाही ते मोठाईनं. "पोरीची शाळा मोडन," म्हणाली आणि मला तुमच्या घरी ठेवून घेतलं. मी कॉलेजात गेले, पेपरात लागले, आणि तिथे मला एकच भीती कायम असायची. कोणी म्हणेल, हिला लिहिता येत नाही. त्या दिवसापासून दुसरी भर पडली. कोणी म्हणेल, ही घरच्यांचं लिहिते.

तेवीस नोव्हेंबरला, रविवारी, खालच्या मोहल्ल्यात चावडीपुढे मोठाईची सभा झाली. शंभरेक माणूस असेल. तू सतरंजीवर बायांमध्ये बसली होतीस. मी बाजूला उभी राहून मोबाइलवर रेकॉर्डिंग करत होते, वहीतही लिहून घेत होते. वामनराव उठले. त्यांनी विचारलं ते मी तसंच लिहिते:

"ताराबाई, तू निवडून आली तं आमच्या उन्हाळी धानाचं पाणी तुमची सोसायटी अडवन. मासोळीसाठी."

मोठाई म्हणाली, "काऊन अडवन? माया मनात आलं तं मी सोता तलाव फोडीन, सोसायटीले इचारणार बी नाई."

मागून कोणीतरी म्हणालं, "मंग तुया घरचा म्हातारा तुले जेवू नाई देणार."

"त्याले जेवाले मीच वाढते, बापा," मोठाई म्हणाली. सगळी सभा हसली. मोठे बाबाही हसले. वामनराव मान हलवून खाली बसले.

मंगळवारी, पंचवीस तारखेला बातमी आली. पहिल्या पानावर, खालच्या अंगाला.

"‘मनात आलं तर मी स्वतः तलाव फोडीन’, ताराबाईंच्या वक्तव्याने खळबळ."

खाली आठ ओळी. त्यात वामनरावांचा प्रश्न नव्हता. म्हाताऱ्याच्या जेवणाचं नव्हतं. सोसायटीला विचारणार नाही, हे होतं. शेवटी, तलावाची पार फुटून खालच्या मोहल्ल्याचं किती नुकसान झालं होतं, हेही होतं.

सकाळी आठ वाजता कोणीतरी त्या बातमीचा फोटो काढून हेडिंगला लाल गोल केला आणि गावच्या ग्रुपवर टाकला. दहा वाजता समोरच्या उमेदवाराचा ऑटो भोंगा लावून निघाला. "पेपरात छापून आलं आहे, वाचा, आपल्या डोळ्यांनी वाचा." मी ऑफिसात टेबलाशी बसले होते. ऑटो खिडकीवरून गेला आणि मी टाइप केलेलं वाक्य मी दुसऱ्याच्या आवाजात ऐकलं. परत आला तेव्हा पुन्हा ऐकलं. दुपारपर्यंत पाच वेळा.

बुधवारी तू आलीस. मासोळीच्या टोपल्यासकट आलीस, हात धुतले नव्हतेस, आणि धनराजभाऊंच्या समोर मला विचारलंस.

"तुले मालूम नाई का तलाव फोडणं म्हणजे काय ते?"

मी म्हटलं, "जे बोललं गेलं तेच छापलं आहे."

"मंग खुलासा छाप."

"बातमीत चूक असली तर खुलासा छापतात. चूक नाही."

"त्या मोबाइलात असन ना सगळं? वामनरावाचं बोलणं?"

"पुसलं गेलं," मी म्हटलं.

हेडिंग कोणी दिलं, असंही तू विचारलंस. मी म्हटलं, हेडिंग ऑफिसात ठरतं. तू धनराजभाऊंकडे पाहिलंस. ते समोरचं पान चाळत राहिले. मग तू माझ्याकडे पाहिलंस आणि टोपलं उचलून गेलीस. नंतर भाऊ मला म्हणाले, "शाबास. असं ठाम राहावं लागते." मला त्या क्षणी बरं वाटलं. खोटं लिहीत नाही, बरं वाटलं.

गुरुवारी सकाळी सातच्या सुमाराला मोठे बाबा पारीवर गेले. तलावाच्या तुडुमाची, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडाची चिखलमाती सैल झाली की पाणी झिरपतं. ते बुजवायला हिवाळ्यात ते दर आठवड्याला जातात, मी लहान होते तेव्हापासून जातात. एका हातात धानाच्या तणसाची पेंढी, दुसऱ्या हातात लोखंडी सब्बल. खालच्या मोहल्ल्यातली पाच-सहा जणं दोन रात्रींपासून पारीवर राखण करत होती. त्यांना तणीस दिसलं नाही. सब्बल दिसली.

पुढचं तू पाहिलं आहेस, मी नाही. उजव्या हाताची दोन्ही हाडं आणि मनगट. त्या हातानं फेकजाळं आता पडणार नाही, हे डॉक्टरांनी तुला सांगितलं आणि बाबांनी मला.

दोन डिसेंबरला मतदान झालं. निकाल लांबला, एकवीस तारखेला लागला. मोठाई त्रेसष्ट मतांनी पडली. आपल्या मोहल्ल्यानं भरभरून दिलं होतं. खालच्या मोहल्ल्याच्या मशिनी उघडल्या तशी ती मागे मागे गेली.

आणि ज्यांनी मारलं त्यांनी ठाण्यात लिहून दिलं आहे की इस्तारी तलाव फोडायलाच आला होता, त्याच्या बायकोनं जाहीर सभेत तसं सांगितलं होतं, सोबत पेपरचं कात्रण. तुमची तक्रार आहे, त्यांचीही आहे. मार खाल्लेला माणूस आणि गुन्हेगार एकच झाला आहे, आणि त्याला तसं करणारा कागद माझ्या हातचा आहे.

मी सत्तावीस तारखेला आले आणि त्या शब्दाचा अर्थ सांगितला तर काय होईल, हे मी धनराजभाऊंना फोनवर विचारलं. त्यांनी रागावून सांगितलं नाही. पेपरच्या प्रतिनिधीनं ठाण्यात जाऊन आपलीच बातमी दिशाभूल करणारी होती असं म्हटलं, की पेपरला तिला नोकरीवर ठेवता येत नाही. आणि दुसरा कोणता पेपर ठेवील असंही त्यांना वाटत नाही. मग म्हणाले, "तू चुकीचं काही लिहिलं नाही, पोरी. कशाले जीव जाळतं?"

रात्र झाली. पुढचं उद्या लिहीन.

मंगळवार, २० जानेवारी

काल हे पत्र पुढे लिहिलं नाही. पाकीट आणून ठेवलं होतं. जेवढं लिहिलं तेवढंच त्यात घालून पाठवावं, असं दिवसभर वाटत होतं. ते वाचून तुला वाटलं असतं की दिव्यानीनं सगळं सांगितलं. क्रम बरोबर आहे, तारखा बरोबर आहेत. त्या बातमीसारखंच.

वर लिहिलेलं खोडत नाही. फक्त जे गाळलं ते आता लिहिते.

हेडिंग ऑफिसात ठरतं, हे खरं आहे. सोमवारी दुपारी ऑफिसात मी एकटीच होते. धनराजभाऊ जिल्ह्याला गेले होते. पान पाठवण्याआधी त्यांनी फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जमलं. आता कोणी म्हणणार नाई घरचा पेपर." हेडिंग माझं आहे, करिष्मा. पहिलं मी वेगळं लिहिलं होतं: "उन्हाळी धानाला पाणी देऊ, ताराबाईंचं आश्वासन." ते वाचून मला टपरीवरचं हसणं ऐकू आलं. मी ते पुसलं. दुसरं लिहिलं आणि मोठ्यानं वाचून पाहिलं. एकही शब्द मोठाईचा नाही असा नव्हता. मला वाटलं, आता मला कोणी धरू शकत नाही.

एकही नव्हता, असं म्हटलं. एक होता. खळबळ. खळबळ झालीच नव्हती. लोक हसले होते. तो एक शब्द माझा होता, आणि तो छापून आल्यावर तेवढाच खरा झाला.

आता अर्थाचं. तू विचारलंस, तुले मालूम नाई का. मी सहा वर्षांची असेन. त्या वर्षी सप्टेंबरात पाऊस उघडला होता, तेव्हा आज्यानं मला पारीवर बसवलं आणि पाण्यात बुडी मारली. हातात सब्बल होती. तुडुमाच्या तोंडावर पक्का झालेला चिखल तो खाली दम धरून फोडत होता. तीनदा वर आला, तीनदा गेला. मग पाटातून पाणी निघालं आणि धानाच्या बांध्यांकडे पळालं. शेतकरी काठावर उभे होते. आजा अंग पुसत मला म्हणाला की सरकारी माणूस म्हणते पाणी सोडलं, शेतकरी म्हणते तुडूम काढला, पण बुडी आपण मारतो, म्हणून आपण म्हणतो तलाव फोडला. तो शब्द आपल्या मोहल्ल्याचा आहे. दुसऱ्याला पाणी द्यायचा तो शब्द आहे. आपली मासोळी उघडी पडते तरी द्यायचं, म्हणून त्यात "फोडणं" आहे.

हे मला सोमवारी दुपारी आठवत नव्हतं असं नाही. टाइप करताना आज्याचे ओले पाय मला दिसत होते. मला हेही कळत होतं की छापल्यावर तो शब्द आपल्या मोहल्ल्याचा राहणार नाही. शाळेत मी "मले" म्हटलं की बाई "मला" म्हणायला लावायच्या. माझ्या सगळ्या बातम्यांत मी लोकांचं बोलणं सुधारून लिहीत आले. "पाणी पायजे" म्हणणाऱ्याला मी "पाण्याची मागणी केली" असं म्हणायला लावलं. मोठाईचंही "माया" काढून "माझ्या" केलं असतं, "सोता"चं "स्वतः" केलंच. "फोडीन" तेवढं सुधारलं नाही. आयुष्यात एकदाच मी एक शब्द जसाच्या तसा ठेवला, तो तिला पाडायला.

वामनरावांना मी भेटून आले आहे, हे तुला ठाऊक नाही. निकालानंतर, इकडे यायच्या आदल्या दिवशी गेले. ते अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते. मला बस म्हणाले. मी विचारलं की तुम्ही प्रश्न विचारला होता, उत्तर तुम्हालाच दिलं होतं, तुम्ही मान हलवली होती, मग? त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"म्या ऐकलं तवा वाटलं, पाणी देईन म्हणते," ते म्हणाले. "पेपरात वाचलं तवा समजलं, आपण चुकीचं ऐकलं."

मी म्हटलं, तुम्ही बरोबर ऐकलं होतं.

"मंग तू काऊन तसं लिवलं? तू तं त्याइच्याच घरची. म्या मनलं, घरची पोरगी एवढं लिवते तं खरंच असन."

करिष्मा, मी सगळी धडपड केली ती हे सिद्ध करायला की मी घरची म्हणून लिहीत नाही. आणि लोकांनी विश्वास ठेवला तो मी घरची म्हणून. त्यांच्या घरात नऊ मतं आहेत. नऊही कपबशीला जाणार होती, असं त्यांनीच सांगितलं. ज्या बाईनं त्यांच्या आईला पाण्यातून काढलं, ती पाणी सोडून त्यांना बुडवील, असं त्यांना वाटावं यासाठी आठ ओळी पुरल्या. तो माणूस वाईट नाही. मला चहा दिला. निघताना म्हणाले की इस्तारीले बघाले मन करते, पण कोणत्या तोंडानं जाऊ. मी म्हटलं, मलाही तेच होतं.

मला अहेरीला तालुका प्रतिनिधी केलं, हे तुम्ही ऐकलं असेल. बाबा लोकांना सांगतात, पोरीची बढती झाली. झाली आहे. त्याच बातमीसाठी झाली आहे. तो अंक आमच्याकडे कधी नव्हे इतका खपला.

आणि शेवटचं. रेकॉर्डिंग पुसलं गेलेलं नाही. माझ्या मोबाइलमध्ये आहे. एक मिनिट अकरा सेकंद. वामनरावांचा प्रश्न आहे, मोठाईचं उत्तर आहे, म्हाताऱ्याचं जेवण आहे, हसणं आहे. हसण्यात मोठ्या बाबांचा खोकल्यासारखा आवाज ओळखू येतो. तू टोपलं घेऊन उभी होतीस तेव्हा ते माझ्या पर्समध्ये होतं. त्या बुधवारी ते मी ऑटोतल्या भोंग्यावर वाजवलं असतं, ग्रुपवर टाकलं असतं, तुझ्या हातात दिलं असतं, तर गुरुवारी सकाळी पारीवर कोणी उभं नसतं. हा हिशेब मी रोज करते आणि तो रोज तसाच येतो. मोठ्या बाबांचा हात मंगळवारच्या बातमीनं मोडला नाही. बुधवारच्या माझ्या दोन शब्दांनी मोडला.

हे मी आजवर का दिलं नाही? आधी भीती होती की मतदानाआधी दिलं तर घरच्यांसाठी दिलं म्हणतील, मग नोकरीची. आता त्या दोन्ही नाहीत. आता भीती आहे ती तू हे वाचशील याची. म्हणून सोळा दिवस लागले.

तुझ्या मेसेजचं उत्तर: येईन. २६ ला दुपारच्या बसनं निघेन. तुमच्या घरी उतरणार नाही. वडशाला मैत्रिणीकडे राहीन आणि सकाळी दहाला ठाण्यापुढे असेन. मला बघून तू बोलली नाहीस तरी चालेल. काल माझा जबाब मी स्वतः लिहून काढला, दोन पानं. त्यात हेडिंग माझं आहे हे आहे, प्रश्न मी गाळला हे आहे, खळबळ झाली नव्हती हे आहे, तुडूम कसा फोडतात हे आहे आणि रेकॉर्डिंग लपवलं हेही आहे. त्याची प्रत या पाकिटात घातली आहे, म्हणजे ऐन वेळी माझी हिंमत गेली तरी कागद तुझ्याजवळ राहील. रेकॉर्डिंग आत्ता, हे पाकीट बंद करायच्या आधी, तुझ्या फोनवर पाठवलं आहे. तू मला ब्लॉक करून ठेवलं असशील तर ते पोचणार नाही, म्हणून बाबांनाही पाठवलं आहे. त्यांच्याकडून घे. धनराजभाऊंना मी आज सकाळी कळवलं. ते म्हणाले, मग प्रतिनिधीचं कार्ड पोस्टानं परत पाठव. तेही आजच टाकते.

यानं मोठाई निवडून येणार नाही. पाच वर्षं तो विषय संपला. तलावाचा ठेका नवे लोक कोणाला देतील, ते तुम्हाला माझ्याआधी कळेल. मोठ्या बाबांचा हातही यानं वळणार नाही. त्यांच्या नावावरचा खोटा गुन्हा तेवढा निघावा. एवढंच माझ्या हातात उरलं आहे, आणि तेही नक्की नाही.

एक गोष्ट तुला विचारायची होती, विचारायला जीभ वळत नाही, म्हणून लिहिते. माझी बातमी असलेला पेपर मोठाई मासोळी बांधायला कधी घेत नसे. मी ओळीवर बोट ठेवून दाखवायचे, "हे माझं," आणि ती त्यावर आपलं बोट फिरवून घडी करून पेटीत ठेवायची. बाबा सांगत होते की पंचवीस नोव्हेंबरचा पेपरही तिनं तसाच पेटीत ठेवला आहे. तिला त्यात काय आहे हे कोणी वाचून दाखवलं नव्हतं का? की दाखवलं होतं, तरी ठेवला? तू मला सांगू नकोस. मला ऐकवणार नाही.

खालचं तेवढं मोठाईला वाचून दाखव. वरचंही दाखव, काही गाळू नकोस. पण खालचं मी लिहिलं आहे तसंच वाच, सुधारू नकोस.

मोठाई, तू मले शाळेत घातलं, म्या तुया शब्द तुयाच अंगावर घातला. तू पाणी देते म्हणत होती, मले मालूम होतं. मले माफ कर असं मी म्हणत नाई, तो हक्क मले नाई. मोठ्या बाबाले सांग, सत्तावीसले मी येते, अन जे झालं ते समद्यायपुढं सांगते. अन पेटीतला तो पेपर काढ. त्यात मासोळी बांध.

त्या बातमीवर माझं नाव नव्हतं; "प्रतिनिधीकडून" एवढंच होतं. या कागदावर आहे.

दिव्यानी नथ्थू शेंडे
ढिवर मोहल्ला